रोजकीर्द, खतावणी आणि आकड्यांचा प्रवाह

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सकाळी सहाच्या सुमारास दूध संस्थेच्या दारात गेलात, तर किटल्या घेऊन उभी असलेली माणसांची रांग दिसेल. प्रत्येकाचे दूध मापले जाते, त्यातला चमचाभर नमुना यंत्राला लावला जातो आणि ‘फॅट किती लागली?’ हा प्रश्न विचारला जातो. फॅट म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचे शेकडा प्रमाण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बर यांनी सल्फ्युरिक आम्ल आणि गरगर फिरवण्याचे यंत्र वापरून ते मोजण्याची रीत बसवली. आपल्या संस्थांमध्ये अनेक वर्षे तीच चालली. आता बहुतेक ठिकाणी नमुना लावला की मिनिटाभरात आकडा दिसतो आणि चिठ्ठी छापून हातात पडते. जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, १९६३ साली स्थापन झाला. गावोगावच्या संस्थांनी गोळा केलेले दूध संघाकडे जाते, आणि पैसे उलट्या वाटेने दर दहा दिवसांनी सभासदापर्यंत येतात.

या सगळ्या व्यवहाराला ‘दूध संकलन’ म्हणतात. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोकही ‘कलेक्शन’ हा शब्द रोज वापरतात, आणि त्याचा अर्थही संकलनच. पुष्कळ नोंदी एकत्र ठेवलेली जागा म्हणजे कलेक्शन. या साठ्यातून एकेक नोंद बाहेर काढून, गाळून, बदलून, शेवटी हवे ते उत्तर मिळवण्याची जी आधुनिक रीत आहे, तिला ‘स्ट्रीम’, म्हणजे प्रवाह, असे नाव आहे. अकरावी-बारावीला किंवा पदविकेला संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना हा विषय आज अटळ झाला आहे. पण त्यात दडलेले गणित सातवी-आठवीच्या मुलांनाही समजण्याजोगे आहे, आणि ते चुकले तर एखाद्याच्या दुधाचे पैसे चुकतात. म्हणून ते दूध संस्थेच्या वहीवरच पाहू.

समजा, एका सकाळी वहीत पाच नोंदी झाल्या. नावांऐवजी खाते क्रमांक घेऊ, संस्थेतही तसेच करतात.

खाते ७, म्हैस, ६ लिटर, फॅट ७.०
खाते १२, गाय, १० लिटर, फॅट ३.८
खाते ७, गाय, ८ लिटर, फॅट ४.०
खाते १९, म्हैस, २ लिटर, फॅट ८.०
खाते २३, म्हैस, ४ लिटर, फॅट ६.५

दर सोपा धरू : म्हशीच्या दुधाला फॅटच्या प्रत्येक टक्क्यामागे लिटरला ८ रुपये आणि गायीच्या दुधाला ९ रुपये. प्रत्यक्षात दर ठरवताना फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचाही विचार होतो आणि दराचा तक्ता बराच मोठा असतो. तो इथे आणला तर दूध बाजूला राहील आणि तक्ताच शिकावा लागेल.

जुन्या पद्धतीच्या आज्ञावलीत खाते क्रमांकांची एक यादी, लिटरची दुसरी, फॅटची तिसरी अशा समांतर याद्या ठेवत. एका यादीतली एक ओळ चुकून वर सरकली की एकाचे दूध दुसऱ्याच्या खात्यावर! वस्तुकेंद्री, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड, पद्धतीत प्रत्येक नोंद ही एक वस्तू मानतात. तिचे खाते, प्रकार, लिटर आणि फॅट हे सारे तिच्यापाशीच असते, आणि शिवाय तिला काही प्रश्न विचारता येतात. ‘तू म्हशीच्या दुधाची का?’ असे विचारले तर ती हो किंवा नाही सांगते. ‘तुझी रक्कम किती?’ म्हटले तर ती स्वतःच गुणाकार करून उत्तर देते. कोणता दर लावायचा हे नोंदीलाच ठाऊक असल्यामुळे विचारणाऱ्याला त्याची फिकीर नसते. अशा नोंदींचा गठ्ठा म्हणजे कलेक्शन.

आता प्रश्न : म्हशीच्या दुधाचे आज सकाळी एकूण किती रुपये झाले?

याचे सरळ उत्तर आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. बेरीज नावाची एक जागा शून्य करा. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जा. नोंद म्हशीची असेल तर तिची रक्कम बेरजेत मिळवा. यालाच लूप किंवा फेरा म्हणतात. त्यात गैर काही नाही, पण नीट पाहिले तर त्यात दोन निराळी कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. एक, वहीत ओळीने फिरणे. दुसरे, प्रत्येक नोंदीचे काय करायचे ते ठरवणे. आज्ञावली वाचणाऱ्याला दुसऱ्या कामात रस असतो, पण अर्ध्या ओळी पहिल्याच कामावर खर्च झालेल्या असतात. विद्यार्थ्यांच्या चुकाही बहुधा पहिल्याच कामात होतात. बेरीज शून्य करायची राहिली, शेवटची नोंद सुटली, एक पाऊल पुढे पडले, या तक्रारी कोणत्याही प्रयोगशाळेत ऐकायला मिळतील.

प्रवाहाच्या पद्धतीत वहीत फिरण्याचे काम वहीलाच सांगतात. जावा भाषेत ही आज्ञा कशी दिसते ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो.

नोंदी.स्ट्रीम()
.फिल्टर(न -> न.म्हशीचे())
.मॅप(न -> न.रक्कम())
.सम()

वाचायला हे अवघड नाही. नोंदींचा प्रवाह सुरू करा. त्यातून म्हशीच्या दुधाच्या तेवढ्या पुढे जाऊ द्या. पुढे आलेल्या प्रत्येक नोंदीच्या जागी तिची रक्कम ठेवा. शेवटी बेरीज करा. बाणाच्या डावीकडचे ‘न’ म्हणजे ‘हाती आलेली एक नोंद’, आणि उजवीकडे तिला विचारायचा प्रश्न. जावात बेरजेआधी मॅपचा आकड्यांसाठीचा खास प्रकार वापरावा लागतो, तेवढा तपशील सोडून दिला आहे. उत्तर ३३६ अधिक १२८ अधिक २०८, म्हणजे ६७२ रुपये. फिल्टर म्हणजे गाळणी. मॅप या शब्दाने मात्र मुलांना नकाशा आठवतो आणि ती गोंधळतात. गणितात एका संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातल्या घटकाशी जोडण्याला हाच शब्द आहे, हे सांगितले की पुरे.

ही कल्पना नवी नाही. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकइलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात सुचवले होते की बागेतल्या रबरी नळीचे तुकडे जसे एकाला एक जोडतो, तशा आज्ञावल्याही जोडता आल्या पाहिजेत. १९७३ मध्ये केन टॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती सोय करून दिली. वस्तुकेंद्री भाषांपुरते बोलायचे, तर झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या स्मॉलटॉक भाषेत कलेक्शनला ‘यातले निवड’, ‘यांचे रूपांतर कर’ अशी सांगण्याची सोय सुरुवातीच्या काळातच होती. जावा १९९५ साली बाजारात आली, पण तिला प्रवाह मिळाले ते मार्च २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत. कल्पना जुनी असून इतका उशीर का झाला, याचे एक कारण असे की ‘नोंद आली तर तिला हा प्रश्न विचार’ एवढी छोटी कृती एखाद्या आकड्यासारखी दुसऱ्याच्या हाती देण्याची सुटसुटीत सोय जावात तोपर्यंत नव्हती. बाणाची खूण आली आणि मगच प्रवाह वाहू लागले.

वर्गात हे करून दाखवणे फार सोपे आहे. एका डब्यात नोंदींच्या चिठ्ठ्या टाका आणि चार मुलांना रांगेत उभे करा. पहिल्याने डब्यातून चिठ्ठी काढायची. दुसऱ्याने ती गायीची असेल तर बाजूला ठेवायची, म्हशीची असेल तर पुढे द्यायची. तिसऱ्याने रक्कम काढून पाठीमागे लिहायची. चौथ्याने बेरीज करत राहायचे. खेळ सुरू करण्यापूर्वी मुलांना विचारा : दुसऱ्या मुलाचे सगळ्या चिठ्ठ्या तपासून होईपर्यंत तिसरा मुलगा रिकामा बसेल का? बरीच मुले ‘हो’ म्हणतील. संगणक शिकणारे मोठे विद्यार्थीही असेच समजतात की आधी सगळ्या नोंदी गाळून एक नवी यादी तयार होते आणि मग तिच्यावर पुढची क्रिया होते. तसे होत नाही. पहिली चिठ्ठी शेवटपर्यंत पोचते, तेव्हा दुसरी अजून डब्यातच असते. मधल्या याद्या तयारच होत नाहीत, त्यामुळे नोंदी पाच असोत की पाच लाख, मध्ये साठवायला जास्तीची जागा लागत नाही. याला अपवाद आहे तो क्रम लावण्याचा. ‘रकमेच्या चढत्या क्रमाने पुढे दे’ असे तिसऱ्याला सांगितले, तर शेवटची चिठ्ठी हाती येईपर्यंत त्याला एकही चिठ्ठी सोडता येणार नाही, कारण सर्वांत लहान रक्कम शेवटच्या चिठ्ठीवरही असू शकते.

दुसरी गंमत अशी की चौथा मुलगा ‘द्या’ म्हणेपर्यंत पहिल्याने डब्यात हातच घालायचा नसतो. फिल्टर आणि मॅप लिहिले म्हणून संगणक लगेच काही करत नाही. नदीपासून उसाच्या शेतापर्यंत पाइप जोडत नेले तरी मोटारीचे बटण दाबेपर्यंत पाणी येत नाही, तसेच हे. शेवटची क्रिया, बेरीज, मोजणी, सर्वांत मोठा शोधणे यांपैकी एखादी, हे ते बटण. संगणकवाले याला ‘आळशी’ पद्धत म्हणतात. या आळसाचा उपयोग पुढे पंचगंगेच्या काठावर दिसेल.

तिसरी गोष्ट विद्यार्थी हटकून विसरतात. प्रवाह एकदाच वाहतो. एकदा बेरीज काढली की त्याच प्रवाहाला ‘आता सर्वांत मोठी रक्कम सांग’ म्हणता येत नाही, जावा तसे केल्यास चूक दाखवून थांबते. वही मात्र जशीच्या तशी असते, तिच्यातून पुन्हा नवा प्रवाह काढावा. आणि प्रवाह वाहत असताना वहीत नवी ओळ घुसडू नये. सचिव बेरीज करत असताना कुणी मधल्याच पानावर नोंद लिहिली तर बेरजेचा भरवसा राहील का?

आता दहा दिवसांच्या बिलाकडे वळू. बिल प्रत्येक खात्याचे वेगळे काढायचे आहे. नोंदी मात्र आल्या तशा, वेळेच्या क्रमाने लिहिलेल्या. आपल्या जुन्या हिशेबनीसांना हा प्रश्न चांगलाच परिचयाचा होता. दिवसभराचे व्यवहार घडतील तसे रोजकीर्दीत लिहायचे आणि मग त्यातली एकेक नोंद ज्या त्या खात्याच्या पानावर न्यायची, याला खतावणी म्हणतात. प्रवाहाच्या भाषेत या क्रियेला ‘ग्रुपिंग बाय’ असे नाव आहे. कशावरून गट पाडायचे ते सांगायचे, इथे खाते क्रमांकावरून, आणि प्रत्येक गटाचे काय करायचे ते सांगायचे, इथे रकमांची बेरीज. आपल्या सकाळची खतावणी अशी होते : खाते ७ वर ६२४ रुपये, १२ वर ३४२, १९ वर १२८ आणि २३ वर २०८. सातव्या खात्याच्या म्हशीचे ३३६ आणि गायीचे २८८ आपोआप एका पानावर आले. चारही पानांची बेरीज १३०२, आणि रोजकीर्दीची थेट बेरीजही १३०२. हा ताळा घेण्याची सवय जुन्या हिशेबनीसांना होती, ती आज्ञावली लिहिणाऱ्या मुलांनाही लावावी. ताज्या पुस्तकांत ग्रुपिंग बाय शिकवताना परदेशी कंपन्यांतील नोकर आणि त्यांचे विभाग अशी उदाहरणे असतात. खतावणी हा शब्द सांगितला, तर वाणिज्य शाखेच्या मुलाला ती अर्ध्या मिनिटात समजते.

इथपर्यंत सारे सरळ होते. अडचण सुरू होते ती सरासरीपाशी.

सचिवांना संध्याकाळी विचारले, ‘आज सकाळी म्हशीच्या दुधाला सरासरी फॅट किती लागली?’ प्रवाहात बेरजेइतकीच सरासरीचीही सोय तयार असते. म्हशीच्या नोंदी गाळल्या, प्रत्येकीची फॅट घेतली आणि सरासरी मागितली की झाले. उत्तर येते ७.०, ८.० आणि ६.५ यांची सरासरी, म्हणजे जवळजवळ ७.१७. आज्ञावलीत कुठेही चूक नाही. संगणकाने विचारल्याचेच उत्तर दिले आहे. आता तिन्ही किटल्या एका कॅनमध्ये ओतल्या आहेत अशी कल्पना करा. त्या कॅनमधून नमुना काढून तपासला तर फॅट किती लागेल? सहा लिटरला सात, म्हणजे ४२. दोन लिटरला आठ, १६. चार लिटरला साडेसहा, २६. एकूण ८४, आणि दूध १२ लिटर. भागिले की नेमके ७.०.

फरक केवढा, तर टक्क्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. पण त्याचे परिणाम पाहा. संस्थेने गोळा केलेले दूध पुढे संघाकडे जाते आणि तिथे एकत्र दुधाचा नमुना तपासला जातो. तिथे ७.० लागली आणि संस्थेच्या संगणकावर ७.१७ दिसत असली, तर सचिवांना काय वाटेल? वाटेत कुणी पाणी घातले, किंवा तिकडच्या यंत्रात खोट आहे. म्हणजे दोष सरासरी काढण्याच्या रीतीचा आणि संशय गाडीवाल्यावर! पैशात बोलायचे, तर १२ लिटरला ७.१७ धरून हिशेब मांडला की ६८८ रुपये अपेक्षित धरले जातात आणि सभासदांना द्यायचे होतात ६७२. एका वेळच्या तीन किटल्यांत १६ रुपयांची तफावत. दोन लिटरवाल्याच्या आठच्या फॅटला सहा लिटरवाल्याच्या सातएवढेच वजन दिले, तिथे ही गफलत झाली. असे नेहमी जास्तच येईल असेही नाही. थोडे दूध पातळ असेल तर साधी सरासरी खऱ्यापेक्षा कमी येईल.

याच गफलतीचे दुसरे रूप आणखी फसवे आहे. सकाळची खरी सरासरी ७.० आली. संध्याकाळी समजा ८ लिटर म्हशीचे दूध आले आणि त्याची खरी सरासरी ६.५ निघाली. मग दिवसाची सरासरी ६.७५? इथे पट्टीचे विद्यार्थीही हो म्हणून मोकळे होतात. बारा लिटरचे ८४ आणि आठ लिटरचे ५२ मिळून १३६, भागिले २०, उत्तर ६.८. सरासरींची सरासरी ही एकूणाची सरासरी नसते. दोन तुकड्यांतील मुलांच्या गुणांची सरासरी एकत्र करताना शाळेतही हा प्रकार घडतो, हे मुख्याध्यापकांना निराळे सांगायला नको.

मग हे टाळायचे कसे? प्रत्येक टप्प्यावर भागाकार करून टाकायचा नाही. दोन आकड्यांची जोडी पुढे न्यायची : लिटर, आणि लिटर गुणिले फॅट. सकाळची जोडी १२ आणि ८४, संध्याकाळची ८ आणि ५२. दोन जोड्या एकत्र करायच्या म्हणजे पहिल्यात पहिला आणि दुसऱ्यात दुसरा मिळवायचा. भागाकार अगदी शेवटी, एकदाच. ही जोडी कितीही तुकड्यांतून आली आणि कोणत्याही गटांनी जोडली तरी उत्तर बदलत नाही. एका वेळेच्या, एका दिवसाच्या, दहा दिवसांच्या, साऱ्या गावांच्या जोड्या अशा जोडत जाता येतात. गणितात ज्याला साहचर्य गुणधर्म म्हणतात तो इथे उपयोगी पडतो. बेरजेत तो आहे, सर्वांत मोठा शोधण्यात आहे, मोजणीत आहे. वजाबाकीत नाही : दहातून चार आणि मग तीन वजा केले तर ३ उरतात, पण चारातून तीन आधी वजा करून ते दहातून काढले तर ९. आणि नुसत्या सरासरीतही नाही. आठवी-नववीत हा गुणधर्म शिकवताना मुले ‘याचा उपयोग काय?’ असे विचारतात, तेव्हा दूध संस्थेची वही पुढे ठेवावी.

प्रवाहात त्याला एवढे महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. आजच्या साध्या संगणकातही चार-आठ गणकगाभे असतात. नोंदी लाखांत असतील तर वहीचे तुकडे करून प्रत्येक गाभ्याला एकेक द्यावा आणि शेवटी उत्तरे जोडावीत, हे उघडच शहाणपणाचे. जावात ‘स्ट्रीम’ऐवजी ‘पॅरलल स्ट्रीम’ लिहिले की असे होते. हजारो संगणकांवर हेच करण्याची रीत गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये एका निबंधात मांडली, आणि तिच्या नावातही मॅप हा शब्द आहे. पण तुकडे कुठे पडतील हे आपल्या हाती नसते. साहचर्य नसलेली क्रिया दिली तर आज एक उत्तर आणि उद्या दुसरे.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या फेऱ्याची सवय तशीच ठेवून सर्वांना एकाच बेरजेत लिहू देणे. वर्गात फळ्यावर ३३६ लिहा. दोन मुलांना एकाच वेळी तो आकडा वाचायला सांगा. एकाने त्यात खाते १९ चे १२८ मिळवायचे, दुसऱ्याने खाते २३ चे २०८. दोघे जागेवर जाऊन बेरीज करून येतात. पहिला ३३६ पुसून ४६४ लिहितो. दुसरा येतो, ४६४ पुसतो आणि आपले ५४४ लिहितो. खरी बेरीज ६७२. एकोणिसाव्या खात्याची अख्खी सकाळ पुसली गेली, आणि दोघांपैकी कोणीही बेरीज चुकलेला नाही. अशा चुका रोज होत नाहीत, वेळ जुळून आली तरच होतात, म्हणून त्या सापडायला महाकठीण. प्रवाहात प्रत्येकाने आपल्या तुकड्याची बेरीज आपल्याच पाटीवर करायची आणि पाट्या नंतर जोडायच्या असतात.

जाता जाता पैशांबद्दल एक सूचना. रुपये दशांश अपूर्णांकात ठेवू नयेत, पैशांत पूर्णांक ठेवावेत. ०.१ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिताच येत नाही आणि लाखो बेरजांत ती खोट साठत जाते.

आता वहीतून बाहेर पडून नदीकडे जाऊ. वही कितीही मोठी असली तरी तिला शेवटचे पान असते. पण काही प्रवाहांना शेवटच नसतो. पावसाळ्यात कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याची पातळी पुन्हा पुन्हा मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी धोका पातळीच्याही दहा फुटांहून अधिक वर गेले होते. अशा मोजमापांच्या प्रवाहाला ‘सगळ्यांची बेरीज कर’ सांगण्यात अर्थ नाही, कारण ‘सगळी’ कधी येतच नाहीत. पण ‘३९ फूट किंवा अधिक असलेले पहिले मोजमाप दे’ असे सांगता येते. तसे मोजमाप मिळाले की प्रवाह तिथेच थांबतो. मघाचा आळस इथे कामी येतो : जो प्रवाह मागितल्याशिवाय एकही थेंब पुढे सोडत नाही, तोच अनंत असूनही हाताळता येतो.

इथे मॅपची पायरी गाळणीच्या आधी का हवी, याचेही चांगले उदाहरण मिळते. पातळी फूट आणि इंचांत सांगतात, आणि लिहिताना पुष्कळदा मध्ये नुसता बिंदू देतात. समजा ओळीने दोन मोजमापे आली, ३८.९ आणि ३८.११. पहिले ३८ फूट ९ इंच, दुसरे ३८ फूट ११ इंच. संगणकाने ते दशांश समजून वाचले तर ३८.११ हे ३८.९ पेक्षा लहान ठरते. नदी दोन इंच चढली आणि पडद्यावर ती उतरलेली दिसली! इशारा पातळीला एकच इंच उरलेला असताना ही चूक परवडणारी नाही. म्हणून आधी सगळ्याचे इंच करायचे. ३८ फूट ९ इंच म्हणजे ४६५, ३८ फूट ११ इंच म्हणजे ४६७, आणि इशारा ४६८ वर. मग तुलना.

प्रवाहाने सगळेच सोपे होते असे मात्र मला वाटत नाही. नदी तासाला किती इंच चढते, हा पूरकाळातला खरा प्रश्न. त्यासाठी प्रत्येक मोजमापाला त्याच्या आधीच्या मोजमापाशी ताडून पाहावे लागते, आणि आपल्या रांगेतल्या मुलाच्या हातात तर एका वेळी एकच चिठ्ठी असते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावाच्या चोविसाव्या आवृत्तीत ‘गॅदरर’ नावाची सोय कायमची झाली आहे. तिने दोन-दोन किंवा तीन-तीन शेजारी घटकांची खिडकी करून ती पुढे सरकवता येते. तोवर लोक अशा कामाला मुकाट्याने जुना फेराच वापरत, आणि ते योग्यच होते. नवशिक्याला आजही आधी फेरा शिकवावा आणि प्रवाह नंतर, असे माझे मत आहे, कारण फेरा लिहिताना आपण ओळीने काय करतो ते कळलेले असले तरच ते काम वहीवर सोपवता येते.

चिठ्ठ्यांचा खेळ लवकर संपला तर मुलांना एक प्रश्न द्यावा. सरासरीसाठी दोन आकड्यांची जोडी पुरली. मध्यकासाठी, म्हणजे चढत्या क्रमातल्या मधल्या आकड्यासाठी, अशी लहानशी जोडी सापडते का? सकाळच्या म्हशीच्या फॅटचा मध्यक ७.० आहे. संध्याकाळच्या नोंदींचा मध्यक आणि नोंदींची संख्या सांगितली, तर दिवसाचा मध्यक काढता येईल का? मुलांना वेगवेगळ्या संध्याकाळ रचून पाहू द्याव्यात. मध्यक तोच आणि नोंदींची संख्याही तीच असलेल्या दोन संध्याकाळ, पण दिवसाचा मध्यक निराळा, अशी जोडगोळी कुणाला तरी नक्की सापडेल.